मुलाचे पोट दुखते तेव्हा

(केंद्राच्या शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



मुलांची सुरक्षितता व त्यांचे स्वास्थ्य या विषयावर मी आज चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. या विषयावरील परिपत्रके आपणां सर्वांच्या कपाटांत आहेत. तीच मी पुन्हा वाचून दाखवू लागलो, तर आपण सभ्यपणे ऐकून घ्याल आणि घरी जाता जाता विसरूनही जाल. त्यात आपला दोष नाही. यास्तव परिपत्रकापासून आरंभ न करता मी एका पोटदुखीपासून आरंभ करतो. ती माझ्याच वर्गातील होती, आणि तिची नोंद मी चुकीची केली.

2006 साली मी एका द्विशिक्षकी शाळेवर होतो. तिसरी व चौथी हे वर्ग माझ्याकडे होते. गावाबाहेरच्या माळावर काही कुटुंबे पाल ठोकून राहत. त्यांतील एक मुलगी तिसरीत होती. अक्षर नीटनेटके, पाढे तोंडपाठ, स्वभाव अबोल. दिवाळीच्या सुट्टीनंतर असे होऊ लागले की, मधल्या सुट्टीस पंधरा मिनिटे उरली म्हणजे ती उठून माझ्या टेबलाजवळ येई आणि म्हणे, "गुरुजी, पोटात दुखतंय. घरी जाऊ?" पहिल्या दिवशी मी तिला ओवा व मीठ दिले. दुसऱ्या दिवशी पाणी पिऊन बस म्हणालो. पुढे कधी जाऊ दिले, कधी नाही. आठवडाभराने मात्र मी तिला साऱ्या वर्गासमोर विचारले, "रोज बरोबर याच वेळेला कसं गं दुखतं?" वर्ग हसला. मीही हसलो असेन. त्या दिवसापासून ती विचारीनाशी झाली, आणि थोड्याच दिवसांत शाळेत येईनाशी झाली. दोनदा मी मुलांबरोबर निरोप धाडला. नंतर हजेरीपटात 'सतत गैरहजर' असा शेरा लिहिला आणि त्या वेळच्या रीतीप्रमाणे तिचे नाव कमी केले.

यानंतर महिनाभराने शाळेत खिचडी शिजविणाऱ्या मावशी भांडी घासता घासता सहज बोलून गेल्या. "गुरुजी, त्या पोरीच्या शेजारी कुणी बसत न्हवतं. ताटाला पाय लावत्यात, वास येतो म्हनत्यात. म्हनून ती जेवायच्या आदी घरला जायची. तुमास्नी ठावं न्हवतं व्हय?"

मला ठाऊक नव्हते, असे मी त्यांना सांगितले. ते अर्धेच खरे होते. जेवणाची पंगत रोज माझ्या डोळ्यांसमोर बसत असे. त्या पंगतीच्या टोकाला एक मुलगी दोन हात अंतर सोडून बसते, हे मी पाहिले होते. पाहिले होते, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. आणि "रोज बरोबर याच वेळेला" हा जो प्रश्न मी विचारला, तो मुळात अगदी योग्य होता. त्याचे उत्तर मी शोधले असते, तर मला सारे काही कळले असते. परंतु मी तो प्रश्न चौकशीसाठी विचारला नाही. टोमणा म्हणून विचारला.

शिक्षक बंधु-भगिनींनो, आज मला जे सांगावयाचे आहे ते इतकेच. सहा ते दहा वर्षांच्या मुलास भीती, अपमान, एकटेपणा यांसाठी शब्द नसतात. त्याला ठाऊक असलेले शब्द म्हणजे पोट, डोके, पाय, 'नको' आणि 'घरी जाऊ'. मूल आपली तक्रार याच शब्दांत सांगते. ती ओळखणे, तिच्यावर विश्वास ठेवणे आणि ती योग्य ठिकाणी पोहोचविणे हे आपले काम आहे. शाळेला कुंपण असो, फाटक असो, कॅमेरा असो. सांगावे असे एकही माणूस ज्या मुलास शाळेत नाही, ते मूल त्या शाळेत सुरक्षित नाही.

आता कोणी असे समजू नये की, पोटदुखी म्हणजे नेहमी मनाचेच दुखणे. आपल्या मुलांची पोटे खरोखरही दुखतात. कोणी सकाळी उपाशी येते, कोणाला जंत असतात, कोणाला ताप भरलेला असतो. म्हणून प्रथम शरीराचा विचार करावा. सकाळी काय खाल्ले ते विचारावे, अंगास हात लावून पाहावे, पालकांस कळवावे, आरोग्य केंद्रात दाखवावे, शाळेत तपासणीस येणाऱ्या वैद्यकीय पथकाच्या नजरेस आणावे. परंतु दुखणे ठराविक वेळी, ठराविक वारी अथवा ठराविक माणूस समोर असता येत असेल, तर शरीराबरोबर त्या वेळेचा, त्या वाराचा व त्या माणसाचाही विचार करावा.

पोटदुखी हे एक उदाहरण झाले. मूल दिवसभर पाणी पीत नसेल, तर शौचालयाच्या दाराला आतून कडी आहे की नाही, तेथे मोठी मुले घोळका करून उभी राहतात काय, ते पाहावे. पायाने अधू असलेले मूल पाणी टाळत असेल, तर शौचालयात आधारास धरावयाचा गज आहे काय, हे पाहावे. आपण पायऱ्यांशेजारी उतार बांधून घेतला म्हणजे त्या मुलास सामावून घेतले, असे होत नाही. पूर्वी न घाबरणारे मूल एकाएकी दचकू लागले, बोलके मूल मुके झाले, वही फाटलेली आणि डबा हरवलेला असे वारंवार घडू लागले, शाळा सुटल्यावर मूल घरी जावयास टाळाटाळ करू लागले, अथवा एका विशिष्ट रस्त्याने जावयास नको म्हणू लागले, तर या साऱ्या नोंदी घेण्याजोग्या आहेत. यांतील कोणतीही एक गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. पण प्रत्येक गोष्ट शांतपणे विचारण्यास पुरेसे कारण आहे.

विचारावे कसे, हेही सांगितले पाहिजे, कारण माझी चूक तेथेच झाली. वर्गासमोर विचारू नये. मुलास एकटे बंद खोलीतही नेऊ नये. ओसरीवर, झाडाखाली, इतरांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी, मुलाच्या उंचीइतके खाली बसून बोलावे. "तुला अमक्याने मारले का?" असे विचारले की मूल आपल्या मनातले उत्तर न देता आपल्याला हवे असलेले उत्तर देते. "मधल्या सुट्टीत काय काय होतं, मला सांग बघू," एवढे म्हणावे आणि गप्प बसावे. हे गप्प बसणे आपणां शिक्षकांना फार जड जाते. मूल थांबले, तर "मग?" एवढेच म्हणावे. "कोणाला सांगणार नाही" असे वचन कधीही देऊ नये, कारण काही गोष्टी सांगाव्याच लागतात. त्याऐवजी, "तुला मदत करता येईल अशाच माणसाला सांगेन," असे म्हणावे. "तू आधी का सांगितले नाहीस?" हा प्रश्न तर तोंडातून निघूच नये. मूल गेल्यावर त्याचे शब्द त्याच दिवशी, आहेत तसे, तारीख घालून लिहून ठेवावेत. आणि ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याच्यासमोर मुलास उभे करून खरेखोटे करण्याचा उद्योग कोणी करू नये.

येथे कायद्याविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. मुलाच्या शरीराशी कोणी गैर वर्तन केल्याचे आपल्याला कळले, अथवा तसे घडेल अशी आशंका आली, तर ती बाब लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या 2012 च्या अधिनियमाखाली, म्हणजे आपण ज्याला पोक्सो म्हणतो त्याखाली येते. त्याच्या कलम 19 प्रमाणे ही माहिती विशेष बाल पोलीस पथकास अथवा स्थानिक पोलिसांस देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न दिल्यास कलम 21 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाविषयीची माहिती दडपली, तर ती मुदत एक वर्षापर्यंत जाते. सद्भावनेने माहिती देणाऱ्यास मात्र कायद्याचे संरक्षण आहे. खरे-खोटे ठरविणे हे आपले काम नव्हे. कळविणे हे आपले काम आहे. "गावाचे नाव जाईल", "मुलीचेच नाव होईल", "चार माणसांत बसून मिटवू" ही वाक्ये आपण सर्वांनी ऐकली आहेत. असे मिटविणे म्हणजे त्या मुलास त्याच माणसाच्या हाती पुन्हा देणे होय. मुलाचे नाव मात्र शिक्षककक्षातल्या चहाबरोबरही चर्चेला येऊ देऊ नये. 1098 हा बालसाहाय्याचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवर रंगविलेला असतो. तो मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर असावा आणि पाढ्यांप्रमाणे पाठ असावा.

आता पुन्हा पंगतीकडे वळू. माझ्या वर्गातल्या त्या मुलीस कोणी मारले नव्हते. तिच्या शेजारी कोणी बसत नव्हते, एवढेच. परंतु शाळा सोडण्यास तेवढे पुरले. एखाद्या मुलास वेगळे पाडणे ही गोष्ट आपण 'मुलांमुलांचे भांडण' म्हणून सोडून देतो. पण मुले ही रीत आईच्या पोटातून शिकून येत नाहीत. ती घरात पाहतात, पाणवठ्यावर पाहतात, आणि शाळेत गुरुजी ती चालू देतात हे पाहून ती रीत योग्यच आहे असा निर्णय करतात. आपले मौन हाही एक पाठच असतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. 2009 च्या शिक्षण हक्क अधिनियमाने दुर्बल व वंचित घटकांतील मुलांशी शाळेत भेदभाव होणार नाही हे पाहण्याची जबाबदारी शासनाबरोबर स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेवरही टाकली. या मोठ्या शब्दांची परीक्षा रोज दुपारी आपल्या ओसरीवर, ताटे मांडली जातात तेव्हा होते.

या बाबतीत एक उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 साली, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या साथीला आल्या. गावातली काही मुले येत, पण दलित वस्तीतील मुले येईनात. आपण शाळा उघडली, येणे न येणे त्यांच्या हाती, असे म्हणून ताराबाई थांबल्या नाहीत. त्यांनी बालवाडीच उचलून त्या वस्तीच्या अंगणात नेली. आज देशभर रूढ झालेल्या 'अंगणवाडी' या शब्दामागे ते अंगण आहे. पुढे कोसबाड येथे आदिवासी मुले गुरे राखावयास जातात म्हणून शाळेत येत नाहीत असे दिसले, तेव्हा गुरे चरतात त्या कुरणातच शाळा भरविली आणि तिला 'कुरणशाळा' म्हटले. गैरहजर मुलाविषयी या दोघींनी 'ते का येत नाही?' याबरोबरच 'आपल्याकडे असे काय आहे की त्याला येववत नाही?' हाही प्रश्न स्वतःस विचारला. मी त्या मुलीच्या पालापर्यंत एकदाही गेलो नाही. शाळेपासून तो माळ वीस मिनिटांच्या वाटेवर होता.

ऐकून घेण्याची गरज मुलांपुरतीच नसते. 16 जुलै 2013 रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत दुपारचे जेवण जेवून 23 मुले दगावली. अन्नात शेतीवरील कीटकनाशक उतरले होते. तेल नेहमीसारखे दिसत नाही असे स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी सांगितले होते, असे त्या वेळच्या वृत्तांतांत आले. ज्या बाईंचा हात रोज त्या तेलास लागतो, त्यांच्या शब्दाला मान देण्याची पद्धत शाळेत असणे किती मोलाचे आहे, हे यावरून ध्यानी यावे. मुलांच्या आधी मोठ्यांनी अन्न चाखून पाहण्याचा नियम आपण नोंदवहीतल्या सहीपुरता पाळू नये. फवारणीची औषधे, त्यांचे रिकामे डबे शाळेच्या आवारात नसावेत. आणि स्वयंपाकाच्या मावशी, अंगणवाडीताई, आशाताई यांना मुलांविषयी काय दिसते, हे अधूनमधून आपण होऊन विचारावे. मला जे महिनाभर दिसले नाही, ते मावशींना पहिल्याच दिवशी दिसले होते. मी विचारले नाही, आणि गुरुजींना आपण होऊन कसे सांगावे म्हणून त्या बोलल्या नाहीत.

आता थोडे अप्रिय बोलतो. मुलाने आपल्याला सांगावे अशी इच्छा असेल, तर मुलास आपली भीती वाटता कामा नये. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. छडी बहुतेक शाळांतून गेली असे आपण म्हणतो. पण जीभ राहिली आहे. 'ढ', 'ठोंब्या', 'तुमच्या लोकांचे हे असेच' हे शब्द छडीपेक्षा खोल जातात, कारण त्यांचा वळ कोणास दिसत नाही. मी त्या मुलीस बोटही लावले नव्हते. एका वाक्याने मी तिच्या तोंडाला कुलूप लावले. ज्या शिक्षकाचा मुलांना धाक वाटतो, त्याच्या वर्गात शांतता असते हे खरे. पण त्या शांततेत कोण काय गिळून बसले आहे, ते त्याला कधीच कळत नाही.

आपल्या अडचणी मी जाणतो. एका खोलीत दोन-दोन, तीन-तीन वर्ग, वर माहिती भरण्याची घाई, सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे. मी आपल्याला आणखी एक नोंदवही ठेवावयास सांगणार नाही. पाच लहान गोष्टी सुचवितो.

पहिली, हजेरी घेताना मान वर करून प्रत्येक मुलाच्या तोंडाकडे पाहावे. तीस मुलांस यासाठी एखादे मिनिट अधिक लागेल.

दुसरी, पंगतीत मुलांच्या जागा दर सोमवारी बदलाव्यात, आणि आपणही त्याच पंगतीत ताट घेऊन बसावे. ज्या मुलाशेजारी कोणी बसत नाही, त्याच्या शेजारी गुरुजी वा बाई चार दिवस बसल्या, की पाचव्या दिवशी ती जागा रिकामी राहत नाही. यासाठी भाषण करू नये, नुसते बसावे.

तिसरी, तक्रारपेटी भिंतीवर टांगून तिला गंज चढू देऊ नये. ती ठरलेल्या वारी, मुलांच्या देखत, सखी सावित्री समितीच्या सदस्यांसमवेत उघडावी. ज्यांना अजून लिहिता येत नाही त्यांनी चित्र काढून टाकावे, असे सांगावे. चिठ्ठीवर काय केले, हे नाव न घेता मुलांना सांगावे. नाही तर दुसरी चिठ्ठी येणार नाही.

चौथी, "तुला कोणी त्रास दिला तर शाळेत कोणाला सांगशील?" हा प्रश्न प्रत्येक मुलास एकदा विचारावा. उत्तर 'कोणालाच नाही' असे आले, तर त्या मुलापासून कामाला आरंभ करावा. उत्तरात आपलेच नाव यावे असा आग्रह नको. द्विशिक्षकी शाळेत मुलास आपणां दोघांपैकीच कोणाचा त्रास असू शकतो, हे कबूल करण्याइतके धैर्य आपल्यापाशी असावे. म्हणून शाळेबाहेरचेही एक नाव मुलास ठाऊक असावे.

पाचवी, मूल सलग तीन दिवस आले नाही, तर चौथ्या दिवशी आपण स्वतः त्याच्या घरी जावे. निरोप धाडू नये. ज्या मुलांच्या हाती निरोप द्यावयाचा, कदाचित त्यांच्याच भीतीने ते घरी बसलेले असते. माझे तसेच झाले होते. पंगतीत तिच्या ताटाला पाय लावणारा मुलगाच माझा निरोप घेऊन जात असे. हे मला पुष्कळ पुढे कळले.

त्या मुलीचे काय झाले, असे आपल्या मनात आले असेल. मावशींचे बोलणे ऐकून दुसऱ्या दिवशी मी माळावर गेलो. पाले उठली होती. चुलीचे तीन दगड आणि राख एवढे तेथे होते. गावात कोणालाही त्यांचा पुढचा मुक्काम सांगता आला नाही. ती आज पंचविशीच्या पुढे गेली असेल. तिला वाचता येते की ते सुटले, मला ठाऊक नाही.

तपासणीच्या निमित्ताने मी काही वर्षांनी त्याच शाळेत गेलो, तेव्हा जुना हजेरीपट काढून पाहिला. शेरा तेथेच होता, माझ्याच अक्षरात. 'सतत गैरहजर.' शासनाच्या दृष्टीने ती नोंद बिनचूक आहे. कोणत्याही तपासणी अधिकाऱ्याने तीवर आक्षेप घेतला नाही, आणि अधिकारी म्हणून मलाही तो घेता आला नाही. पण ती मुलगी गैरहजर होण्याआधी आठवडाभर रोज माझ्या टेबलाशी येऊन उभी राहत होती. त्या दिवसांत गैरहजर होतो तो मी.

उद्या आपापल्या शाळेत गेल्यावर कोणी एखादे मूल आपल्या टेबलाशी येईल आणि म्हणेल, "पोटात दुखतंय." त्या वेळी हातातले पेन खाली ठेवावे आणि त्याच्याकडे पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.